‘त्याने हात तर लावला नाही, मग तक्रार कशाची करू?’

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला तो नीट कळलाय ना, हे तुम्हालाही दिसावं म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमचं वय २६. दीडशे माणसांच्या ऑफिसात एजन्सीमार्फत कंत्राटावर आहात. टीम लीड आठ महिन्यांपासून तुमच्या दिसण्यावर बोलतोय. ‘आज कुणासाठी एवढी नटलीस?’, ‘भरलीस हं, पण छान भरलीस’, आणि रात्री साडेअकराला तुमच्या डीपीवर ‘हा ड्रेस ऑफिसला का नाही घालत?’ एचआरच्या मॅडमना सांगितलंत तर त्या म्हणाल्या, ‘ओढणी घेत जा, विषयच मिटेल.’ आई म्हणते लिपस्टिक कमी कर. भाऊ म्हणतो नोकरी सोड. शेवटी तुम्ही विचारलंय: त्याने हात तर लावला नाही, मग तक्रार कशाची करू? मी उगाच बाऊ करतेय का? आणि उद्यापासून ओढणी घेऊ का?

तुम्ही बाऊ करत नाही आहात. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

मी वकील आहे आणि २०१४ पासून वेगवेगळ्या ऑफिसांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या, ‘पॉश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती बंधनकारक केली आहे, आणि तिच्यात एक सदस्य ऑफिसबाहेरचा असावा लागतो. चौकशीत ऐकलेलं बाहेर सांगायला याच कायद्याची मनाई आहे, म्हणून खालच्या उदाहरणांतले तपशील मी बदलले आहेत.

समितीपुढे येणाऱ्या बहुतेक बायकांचं पहिलं वाक्य तुमच्यासारखंच असतं: ‘तसं फार काही झालेलं नाही.’ आणि मग त्या दीड तास बोलतात. सुरुवातीला मी लगेच विचारायचे, ‘नेमकं काय म्हणाला? कधी?’ बायका अडखळायच्या. कारण एकेक वाक्य सुटं करून सांगितलं की ते हलकं वाटायला लागतं. ‘हा रंग तुला खुलतो’ हे कागदावर लिहून बघा. त्यात आक्षेप घ्यायला काय सापडतं? म्हणून आता मी आधी दुसरंच विचारते: हे सुरू झाल्यापासून तुम्ही काय काय करायचं सोडलंत?

एका ऑफिसात अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या मुलीने या प्रश्नावर थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘पाणी प्यायचं.’ कूलर त्या माणसाच्या केबिनला लागून होता. ही बाटली भरायला गेली की तो दारात येऊन उभा राहायचा, वरपासून खालपर्यंत बघायचा, कधी म्हणायचा ‘डाएट चाललंय वाटतं’, कधी नुसताच हसायचा. तिने बाटली घरून भरून आणायला सुरुवात केली. ती दुपारपर्यंत संपायची, मग सहा वाजेपर्यंत तहान मारून बसायची. उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं पाणी का पीत नाहीस, तर तिथेही ही गप्प. तिच्या लेखी तक्रारीत यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे एवढंच होतं: ‘ते माझ्याकडे वाईट नजरेने बघतात.’

वाईट नजर सिद्ध कशी करायची? पण डॉक्टरांची चिठ्ठी समितीपुढे ठेवता येते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी येऊन सांगू शकतो, ‘हो, एप्रिलपासून ती कूलरकडे जायचीच नाही, बाटली घरूनच भरून आणायची.’ त्याने तसं सांगितलंही. त्या प्रकरणाचा निकाल त्या बाटलीने बदलला असं मी आजही मानते.

कायद्यात यासाठी नीट जागा आहे. कलम ३ म्हणतं की लैंगिक स्वरूपाच्या वागण्यामुळे बाईच्या कामात अडथळा आला, किंवा तिच्यासाठी कामाचं वातावरण भीतीचं, अपमानाचं वा शत्रुत्वाचं झालं, तर तो लैंगिक छळ ठरू शकतो. तुम्ही काय सोडलंत ही यादी थेट या वाक्याला जाऊन भिडते. ‘तो काय म्हणाला’ हा अर्धा भाग, ‘त्यामुळे माझा दिवस कसा आखडला’ हा उरलेला. बहुतेक तक्रारींत दुसरा अर्धा भाग लिहिलेलाच नसतो.

आता हात लावण्याचं. कायद्याच्या व्याख्येत शारीरिक स्पर्श हा पाच प्रकारांपैकी केवळ एक आहे. लैंगिक अर्थाचे शेरे हा वेगळा, स्वतंत्र प्रकार आहे, आणि नको असलेलं लैंगिक स्वरूपाचं कोणतंही वागणं, मग ते शब्दांतून असो वा इशाऱ्यातून, हाही. खरं तर हा मुद्दा कायदा येण्याच्या कितीतरी आधी सुटलेला आहे. अ‍ॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या प्रकरणात नोकरीवरून काढलेल्या अधिकाऱ्याच्या बाजूने उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की त्याने प्रयत्न केला, प्रत्यक्ष विनयभंग झाला नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि त्याला काढून टाकणं योग्य ठरवलं. स्पर्श झालाच पाहिजे अशी अट नाही, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. तरी इतक्या वर्षांनी तेच वाक्य तुमच्या तोंडी येतं, याचं मला वाईट वाटतं. ते तुमच्यात आजूबाजूच्यांनी भरलेलं आहे.

पण तुम्हाला खोटा दिलासाही द्यायचा नाही. दिसण्यावरचा प्रत्येक शेरा कायद्याने छळ ठरतोच असं नाही. २०२५ सालातच दोन उच्च न्यायालयांची दोन मतं आहेत, ती शेजारी ठेवून बघा. जानेवारीत केरळ उच्च न्यायालयाने एका महिला कर्मचाऱ्याच्या शरीराच्या ठेवणीवर केलेल्या शेऱ्यावरून आणि पाठवलेल्या मेसेजवरून चाललेला फौजदारी खटला रद्द करायला नकार दिला. मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र, प्रशिक्षणाच्या वेळी सहकारी महिलेच्या लांब केसांवरून केलेली टिप्पणी आणि म्हटलेली गाण्याची ओळ, हे सगळं जसंच्या तसं खरं मानलं तरी लैंगिक छळ ठरवणं कठीण आहे, असं म्हणून समितीचा निष्कर्ष रद्द केला. निकाल त्या त्या प्रकरणाच्या तपशिलांवर उभे असतात, त्यामुळे दोन्हींवरून सरसकट नियम काढू नका. माझ्या अनुभवात फरक पडतो तो या गोष्टींनी: शेरा शरीराबद्दल आहे की नुसता कपड्याच्या रंगाबद्दल, एकदाच आहे की पुन्हा पुन्हा, बोलणाऱ्याच्या हातात तुमचं काही आहे का, आणि तुम्हाला ते नको आहे हे त्याला कळत होतं का.

या मापाने बघितलं तर तुमची बाजू कमकुवत नाही. आठ महिने चाललंय. शरीराबद्दल आहे. रात्रीचे मेसेज लेखी आहेत. आणि तुमचा कामाचा अहवाल तोच लिहितो, म्हणजे कंत्राट वाढणं न वाढणं त्याच्या हातात.

म्हणून आज पहिलं काम वहीचं. साधी वही घ्या, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका. नोंद कशी असावी याचा नमुना देते:

‘१४ तारीख, मंगळवार, सकाळी ११.२०. माझ्या टेबलाजवळ. म्हणाला, “आज ओठ फारच लाल, विचार काय आहे?” मागच्या रांगेतले दोघे हसले (इथे नावं). मी काही बोलले नाही. साडेअकराच्या मीटिंगमध्ये माझे आकडे मी मांडलेच नाहीत, दुसरीला मांडायला सांगितले. रात्री पावणेनऊला मैत्रिणीला मेसेज करून सांगितलं.’

शब्द त्याचे जसेच्या तसे. ‘घाणेरडं बोलला’ असं लिहू नका, काय बोलला ते लिहा, कितीही संकोच वाटला तरी. मीटिंगमध्ये आकडे न मांडल्याचं वाक्य मला त्या नोंदीत सगळ्यात मोलाचं वाटतं. मैत्रिणीला केलेला मेसेजही महत्त्वाचा, कारण त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते आणि तुम्ही हे आत्ता रचलं नाही हे त्यातून दिसतं. मागच्या आठ महिन्यांतलं जे आठवतं ते एका बैठकीत लिहून काढा. नेमकी तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या सुट्टीनंतरचा आठवडा’ असंही चालतं, पण अंदाजाने तारीख टाकू नका. उलटतपासणीत एक खोटी तारीख दहा खऱ्या नोंदींना खाली ओढते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मेलवर पाठवा आणि मूळ चॅट पुसू नका.

त्याला एकदा लेखी सांगायचं का? बायका हे नेहमी विचारतात आणि याचं उत्तर खरोखर परिस्थितीवर आहे. पॉश कायद्यात तुम्ही तोंडावर नकार दिलाच पाहिजे अशी अट नाही. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्यासमोर माणूस गप्प बसतो किंवा ओशाळं हसतो, आणि अनुभवी समितीला ते समजतं. मला ते समजायला वेळ लागला. पहिल्या वर्षी एका सुनावणीत मी एका बाईंना विचारलं होतं, ‘तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?’ त्यांनी समोरची फाइल बंद केली, दोरी बांधली, आणि पुढच्या तारखेला त्या आल्याच नाहीत. ती फाइल बंद करतानाचे हात मला अजून दिसतात. तो प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारलेला नाही. तरीही, तुम्हाला सुरक्षित वाटत असेल तर मेसेजला एकच ओळ उत्तर द्या: ‘कामाव्यतिरिक्त मला मेसेज करू नका आणि माझ्या दिसण्यावर बोलू नका.’ त्यापुढे स्पष्टीकरण नाही, माफी नाही, स्मायली नाही. यानंतरही मेसेज येत राहिले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मधल्या पाठलागाच्या गुन्ह्यालाही बळ मिळतं, कारण तिथे बाईने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा मुद्दा आहे. लैंगिक शेऱ्यांसाठी त्याच संहितेत कलम ७५ आहे. पोलिसांकडे जाणं आणि समितीकडे जाणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. एक धरला म्हणून दुसरा बंद होत नाही, आणि पोलिसांकडे जायचं ठरवलंत तर मदत करणं हे ऑफिसचं कायदेशीर कर्तव्य आहे.

एचआरच्या मॅडमबद्दल मला राग आला, तो लपवत नाही. आठ महिन्यांत या विषयावर तुमच्याशी तिघं बोलली, त्याच्याशी कुणीही नाही. ऑफिसला ड्रेसकोड ठरवायचा असेल तर तो सगळ्यांसाठी, लेखी ठरवता येतो. पण एका पुरुषाच्या बोलण्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘तू ओढणी घे’ सांगणं म्हणजे तक्रार तिच्याच अंगावर घालणं. ही जबाबदारी मालकाची आहे, हे या देशात फार मोठी किंमत देऊन ठरलंय. राजस्थानातल्या भटेरी गावात सरकारी कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, ते त्यांचं कामच होतं, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये विशाखा निकाल आला, आणि काम करणाऱ्या बाईची सुरक्षितता ही काम देणाऱ्याची जबाबदारी मानली गेली. २०१३ चा कायदा त्याच पायावर आहे. तेव्हा त्या मॅडमना साधा मेल करा: ‘अमुक तारखेला मी आपल्याला तमुक सांगितलं, आपण ओढणी घेण्याचा सल्ला दिलात. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि संपर्क कळवावेत.’ भाषा सौम्य ठेवा. समितीच्या नेमणुकीचा आदेश ऑफिसात दिसेल अशा जागी लावलेला असायला हवा. नसेल तर तेही मेलमध्ये लिहा.

आणि हे लक्षात घ्या की एचआरला तोंडी सांगणं ही कायद्याने तक्रार नव्हे. तक्रार समितीकडे, लेखी, सहा प्रतींत, पुरावे आणि साक्षीदारांची नावं जोडून द्यायची. लिहिणं जमत नसेल तर मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. तुम्ही कंत्राटावर आहात याने बिघडत नाही, एजन्सीमार्फत लागलेल्या, तात्पुरत्या, शिकाऊ, सगळ्या बायका यात येतात. मुदत तीन महिन्यांची. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजतात, आणि समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. तो गेल्या आठवड्यातही बोलला असेल तर तुम्ही मुदतीत आहात, आणि आधीचे महिने त्याच मालिकेत मांडता येतील. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. त्या काळात बदली, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि त्याने तुमचा कामाचा अहवाल लिहू नये, हे सगळं मागता येतं. तुमच्या बाबतीत ही शेवटची मागणी तक्रारीतच, पहिल्या पानावर करा. बायका ती मागायला विसरतात आणि मग चौकशी चालू असताना त्याच माणसाच्या सहीने ‘कामगिरी असमाधानकारक’ असा शेरा येतो.

कुणीतरी तुम्हाला घाबरवेल की सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार करणाऱ्या बाईवर कारवाई होत नाही, असं कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. कारवाई होते ती जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर. आणि समितीपुढे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता अधिक आहे का, एवढं तोललं जातं.

तुम्हाला शिक्षा नको असेल, फक्त हे थांबायला हवं असेल, तर चौकशीआधी तुमच्या मागणीवरून समेटाचा मार्गही आहे, पैशाच्या तडजोडीशिवाय. पण मागणी तुमची हवी. ‘मिटवून टाक’ असं दुसरं कुणी म्हणायला लागलं तर तो समेट नव्हे.

ऑफिस दहापेक्षा कमी माणसांचं असतं किंवा तक्रार मालकाविरुद्धच असती, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागलं असतं. तुमच्या बाबतीत तशी वेळ दिसत नाही.

आता घर. आईचं लिपस्टिकचं बोलणं मी एचआरच्या सल्ल्याच्या रांगेत बसवणार नाही. मॅडमना त्याचा पगार मिळतो, आईला काळजी आहे. तुमच्या आईने आयुष्यभर पदर सावरून, रस्ता बदलून, नजर खाली घालून स्वतःला जपलं असणार, आणि तिच्याकडे जी हत्यारं आहेत तीच ती तुम्हाला देतेय. तिच्याशी वाद घालू नका. एखाद्या निवांत संध्याकाळी विचारा, तुझ्या वेळी कुणी असं वागलं होतं का. माझ्याकडे आलेल्या दोन मुलींना या प्रश्नानंतर आपली आई नव्याने कळली, आणि त्यातली एक आई पुढे प्रत्येक सुनावणीला बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसून असायची.

भावाचं वेगळं आहे. नोकरी सोड म्हणताना त्याला वाटतं तो तुम्हाला वाचवतोय. त्याला हिशेब सांगा: पगार तुमचा जाईल, तो माणूस खुर्चीत राहील, आणि नोकरी सोडल्यावर प्रसंग थांबले की तीन महिन्यांचं घड्याळ चालू होईल. सोडूनही तक्रार करता येते, पण साक्षीदार हळूहळू फोन उचलेनासे होतात. मग त्याला एक काम द्या. तक्रारीच्या सहा प्रती काढायच्या, जोडपत्रांना क्रमांक घालायचे, पोचपावती घ्यायला तुमच्यासोबत यायचं. हाताला काम मिळालं की तुमच्यावर पहारा ठेवायची त्याची घाई कमी होते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

राहिला ओढणीचा प्रश्न. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. उद्या त्याच्यासमोरून चालत जायचंय तुम्हाला, मला नाही, आणि ओढणीने पाठ जरा ताठ राहणार असेल तर खुशाल घ्या. त्यामुळे तुमची तक्रार अर्ध्या शब्दानेही कमी होत नाही. फक्त ज्या दिवशी पहिल्यांदा घ्याल त्या दिवशीचं पान वहीत भरा: तारीख, कुणाच्या सांगण्यावरून घेतली, आणि आदल्या दिवशीपर्यंत तुम्ही काय घालून ऑफिसला जात होतात.